डोक्याचं मखर

पुणेकराच्या डोक्यात काय आहे याबद्दल उरलेल्या महाराष्ट्राचं एकमत आहे. वाद होतो तो त्या डोक्यावर काय असावं याचा. २०१९च्या जानेवारीत शहरात दुचाकीस्वारांसाठी हेल्मेटसक्तीची मोहीम निघाली, तेव्हा तिच्याविरुद्ध कृती समिती होती, मोर्चे होते, आणि काही मंडळी निषेध म्हणून पगडी घालून गाडीवर बसली होती. सक्तीविरुद्धचे मुद्दे तर आमच्या सोसायटीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ झाले होते. मान दुखते, केस जातात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, शहरात वेग असतोच किती. आणि सगळ्यांत बिनतोड म्हणजे, हेल्मेट काढल्यावर ठेवायचं कुठं?

त्या धामधुमीत मी माझ्या लेडीज सायकलवरून, हँडलला मंडईची पिशवी अडकवून, चौकातल्या हवालदारांसमोरून उघड्या डोक्यानं जात होते. पावतीपुस्तक हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसांनी माझ्याकडे एकदाही मान वळवून पाहिलं नाही. मोटार वाहन कायद्याचं १२९वं कलम मोटारसायकलवाल्यांच्या डोक्यापुरतं आहे. ज्याच्या बुडाखाली इंजिन नाही, त्याच्या डोक्याची त्या कलमाला काळजी नाही. स्कूटरवाले शेजारी माझ्याकडे जरा असूयेनंच बघायचे. आपण कायद्यातून सुटलो याचा आनंद मानावा की आपण कायद्याच्या हिशेबातच नाही याचं वाईट वाटून घ्यावं, हे मला सिग्नल सुटेपर्यंत ठरवता यायचं नाही.

सरकारनं सायकलवाल्याला पहिल्यापासून असं मोकळं सोडलं होतं असं मात्र नाही. माझ्या वडिलांच्या तरुणपणी सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा, पैसे भरून घ्यायचा. रात्री दिवा लागायचा. रॉकेलचा असो की डायनामोचा, पण दिसला पाहिजे. डबलसीटला बंदी. चौकात हवालदार दिसला की कॅरिअरवरचा मित्र उडी मारून उतरायचा, साळसूदपणे चौक चालत ओलांडायचा आणि पलीकडं पुन्हा चढायचा. हवालदार हे सगळं शांतपणे बघत असायचा. एखाद्या दिवशी त्याचा मूड गेला की तो चाकातली हवा सोडायचा, मग सायकल ढकलत घरी. म्हणजे चाकाची, दिव्याची, मागच्या मित्राची, सगळ्यांची चौकशी व्हायची. डोक्याची कधी झाली नाही. डोक्यावर टोपी असे, ती वाऱ्यानं उडू नये एवढंच बघायचं, आणि ते ज्याचं त्यानं बघायचं होतं.

आता कायद्यानं सोडून दिलेलं ते काम आमच्या सोसायटीनं आणि माझ्या भाचीनं वाटून घेतलं आहे.

भाची युट्रेक्टला असते. नोकरीनिमित्त नेदरलँड्सला गेलेल्या हजारो मराठी पोरापोरींपैकी एक. ऑफिसला सायकलनं, बाजाराला सायकलनं, पावसात सायकलनं, आणि तिथल्या बायका करतात तसं एका हातात छत्री धरूनही सायकलनं. मला वाटलं होतं, चला, घराण्यात माझ्या बाजूनं बोलणारं कुणीतरी निघालं. पण तिचा पहिला प्रश्न असतो, "आत्या, हेल्मेट घालतेस ना?"

"तू घालतेस?"

"इथं कुणीच नाही घालत."

पहिल्या वर्षी ती पुण्याहून हौसेनं एक घेऊन गेली होती. ऑफिसमधल्या बाईंनी विचारलं, आज कुठं शर्यत आहे का? तेव्हापासून ते कपाटावर आहे. त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. मार्क रुट्टे पंतप्रधान असताना सायकलवरून राजवाड्यात गेल्याचे फोटो जगभर फिरले, त्यातही त्यांच्या डोक्यावर काही नाही. तिथं हेल्मेट घातलेला दिसला की समजायचं, हा शर्यतवाला तरी आहे किंवा पाहुणा तरी.

हे काही डच लोकांचं डोकं टणक असतं म्हणून नाही. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं मेली आणि त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. फिक लांगनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशीच गेली होती. त्यानं वर्तमानपत्रात लिहिलं, आणि त्या लेखाच्या मथळ्यावरून चळवळ उभी राहिली. तिचं नावच 'बालहत्या थांबवा' असं होतं. आईबाप रस्त्यावर उतरले, पोरांनी रस्ते अडवून त्यावर खेळ मांडले. त्या लोकांनी मुलांच्या डोक्यावर काय घालावं हा प्रश्न हातात घेतला नाही. मोटारी हळू चालवायला लावा, सायकलींना वेगळी वाट द्या, वस्तीतला रस्ता वस्तीचा ठेवा, हे मागितलं. मागितलं आणि पुढच्या वीसतीस वर्षांत बऱ्यापैकी मिळवलं. इतकं झाल्यावर माणूस केस वाऱ्यावर सोडून ऑफिसला जाऊ शकतो.

आता तिकडचेही डॉक्टर म्हणू लागलेत, घाला बाबांनो. विशेषतः बॅटरीच्या सायकलीवर ताशी पंचवीसनं जाणाऱ्या आजीआजोबांना. वेगळी वाट असली तरी आजोबा त्या वाटेवर स्वतःचे स्वतः पडू शकतात. भाचीच्या शेजारच्या आजींना त्यांच्या मुलानं हेल्मेट आणून दिलं, तर आजी म्हणाल्या, मी ऐंशी वर्षं या देशात सायकल चालवतेय, आता या वयात मी पर्यटक दिसू का?

आजींचं म्हणणं मला पटकन कळलं. डोक्यावर जे काही असतं, ते डोक्यासाठी थोडं आणि बघणाऱ्यासाठी फार असतं. यावर चक्क संशोधन झालेलं आहे. इंग्लंडात बाथ विद्यापीठात इयन वॉकर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी २००६ साली सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावलं आणि सॅल्सबरी-ब्रिस्टलच्या रस्त्यांवर चकरा मारल्या. कधी हेल्मेट घालून, कधी न घालता. दोन हजारांवर गाड्यांनी त्यांना ओलांडलं. हिशेब निघाला तो असा की हेल्मेट असलं तर गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून जातात. बहुधा गाडीवाल्याला वाटत असावं, हा जाणता दिसतोय, याला सांभाळता येतं. मग वॉकरसाहेबांनी लांब केसांचा टोप घातला, म्हणजे मागून बाईमाणूस वाटावं, तर गाड्या चांगल्या चौदा सेंटिमीटर लांबून जाऊ लागल्या. आणि या सगळ्या प्रयोगात एक ट्रक आणि एक बस त्यांना प्रत्यक्ष धडकली, दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होतं. दुसऱ्या संशोधकांनी नंतर तीच आकडेमोड पुन्हा करून, खरोखर धोकादायक इतकं जवळून जाण्याशी हेल्मेटचा संबंध दिसत नाही असं सांगितलं. विद्वानांचं भांडण अजून मिटलेलं नाही. मला मात्र या प्रकरणात सायकलवर टोप घालून निघालेल्या प्राध्यापकांविषयी फार आदर वाटतो.

आमच्याकडं हा प्रयोग करता यायचा नाही. लक्ष्मी रोडवर रिक्षा आणि माझं कोपर यांच्यात जे अंतर असतं, त्यातून साडेआठ सेंटिमीटर वजा केले तर उत्तर ऋण येतं. बाईमाणसाला चौदा सेंटिमीटर जास्त मिळतात म्हणे. मी जन्मानं बाई आहे, केसही स्वतःचे आहेत, माझे चौदा सेंटिमीटर कुठल्या खिडकीवर मागायचे तेवढं कुणी सांगावं.

त्याच वॉकरांनी पुढं आणखी एक प्रयोग केला. सात प्रकारचे कपडे घालून सायकल चालवून पाहिली. शर्यतवाल्याचे, साधे, भडक पिवळे, शिकाऊ असल्याचं पाठीवर लिहिलेले. कशानंही फारसा फरक पडला नाही. फक्त एका जाकिटाला गाडीवाले थोडे लांब राहिले, तेही सरासरी पाच सेंटिमीटर. त्या जाकिटावर पोलीस असा शब्द होता आणि आपलं चित्रीकरण चालू असल्याची सूचना होती. हे शोधायला विलायतेला जायची गरज नव्हती. आपल्याकडं काका हवालदार असलेल्या प्रत्येक पुतण्याच्या मोटारसायकलीवर तो शब्द लावलेला असतो.

हेल्मेटला नाही म्हणण्याचा हट्ट पुण्यात जन्मला असंही कुणी समजू नये. सायकलशर्यतीचे व्यावसायिक खेळाडू, डोंगरउतारावर ताशी सत्तर-ऐंशीनं जाणारी माणसं, कापडी टोपीवर खूश होती. १९९१ साली पॅरिस-नीस शर्यतीत त्यांच्यावर हेल्मेटची सक्ती करायला गेले, तर सगळे तसेच उघड्या डोक्यानं उभे राहिले आणि आयोजकांना माघार घ्यावी लागली. सक्ती झाली ती २००३ मध्ये, त्याच शर्यतीत आंद्रेई किविलेव पडून गेल्यावर. डेन्मार्कच्या रस्ता सुरक्षा परिषदेनं तर या हट्टावर २०२१ साली एक झकास जाहिरात काढली. नवव्या शतकातला व्हायकिंग सरदार लढाईला निघालाय आणि हेल्मेट घालायला तयार नाही. खाज येते म्हणतो, वेण्या बिघडतात म्हणतो. ती बघताना मला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची फार आठवण झाली. त्यांना वेण्या नाहीत, केसही बेताचेच आहेत, पण बिघडतात म्हणून तक्रार तीच.

केसांचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. हेल्मेट बनवणाऱ्यांनी अंबाडा ही गोष्ट पाहिलेलीच नाही. मागचा पट्टा नेमका जिथं आवळायचा तिथं माझा अंबाडा बसतो. अंबाडा वर घेतला तर हेल्मेट कपाळावर येतं आणि समोरची बस दिसत नाही. खाली घेतला तर हेल्मेट मागं कलतं आणि कपाळ उघडं पडतं, म्हणजे आधी जे आपटणार तेच बाहेर. शेवटी मी बाहेर पडताना वेणी घालायला लागले. आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, या वयात?

स्वीडनमधल्या दोन डिझाइनच्या विद्यार्थिनींनी या केसांच्या दुःखावरच उपाय शोधला होता. गळ्याभोवती मफलरीसारखा पट्टा, आत एअरबॅग. पडायला लागलात की क्षणात फुगून डोक्याभोवती फुगा तयार. २००५ साली अभ्यासाचा प्रकल्प म्हणून निघालेली ही कल्पना, पुढं कंपनी झाली आणि २०२३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. पट्ट्याला माणूस पडतोय की नुसता वाकतोय हे ओळखता यावं म्हणून त्यांनी खूप पडझड मोजली होती म्हणतात. पण ती स्वीडिश पडझड. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर म्युनिसिपालटीचा नाही, समोरच्या बंगल्यातल्या काकांनी स्वखर्चानं घातलेला आहे, आणि त्यावरून उतरताना रोज सकाळी माझा जो काही प्रकार होतो त्याला पडणं म्हणायचं की नाही हे मलाच समजत नाही. तो पट्टा तिथं रोज फुगला असता.

मग साधं हेल्मेट. ते उलटं करून आत बघितलं तर काय दिसतं? वर पातळ प्लॅस्टिक आणि आत जाड थर्माकोल. शास्त्रीय नाव लांबलचक असलं तरी गणपतीच्या मखराचा थर्माकोल तो हाच. २०१८ साली महाराष्ट्र सरकारनं मखरातल्या थर्माकोलवर बंदी आणली. देवाच्या डोक्यावरून तो गेला, माणसाच्या डोक्यावर राहिला. काम त्याचं एवढंच, की डोकं आपटताना आपण चिरडून जायचं आणि थांबायला डोक्याला चार क्षण जास्त मिळवून द्यायचे. एकदा चिरडला की संपला. म्हणून एका जोरदार पडण्यानंतर हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. हे पुण्यात कुणाला पटवून दाखवावं. "अहो, एकदाच तर पडलंय!"

युरोपात त्याची जी परीक्षा घेतात ती साधारण दीड मीटरवरून आपटून, म्हणजे ताशी वीसच्या आसपासच्या धक्क्याची. सायकल घसरून आपण रस्त्यावर आपटलो तर डोक्याला जेवढा धक्का बसेल त्या जातीची. आणि त्या परीक्षेत ते खरंच उतरतं. सिअॅटलमध्ये १९८९ साली झालेल्या गाजलेल्या अभ्यासात डोक्याच्या दुखापती ८५ टक्क्यांनी कमी होतात असं निघालं होतं. तो आकडा जरा जास्तच गोड होता. पुढं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी चाळीस अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा डोक्याच्या गंभीर इजेचा धोका साधारण दोन तृतीयांशानं कमी दिसला. दोन तृतीयांशसुद्धा काही कमी नाही. कुठल्याही औषधानं एवढा गुण दिला तर आपण डॉक्टरांना दिवाळीला मिठाई पाठवू. मात्र ताशी पन्नासनं येणारी बस या हिशेबात नाही. हेल्मेट हा माझ्या पडण्यावरचा उपाय आहे. दुसऱ्यानं मला पाडण्यावरचा उपाय माझ्या डोक्यावर बसवता येत नाही, तो बसच्या ब्रेकवर आणि ड्रायव्हरच्या पायावर बसवावा लागतो.

या वस्तूच्या इतिहासात सायकलवाल्यांचा हात आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. अरबस्तानातला लॉरेन्स म्हणून गाजलेला इंग्रज, १९३५च्या मे महिन्यात आपल्या मोटारसायकलवरून घरी चालला होता. समोर सायकलवरची दोन पोरं आली. त्यांना चुकवताना तो उडाला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी ते प्रकरण मनावर घेतलं, लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो छापला. ब्रिटिश लष्करानं हेल्मेट सक्तीचं केलं ते त्यानंतर. म्हणजे आज स्कूटरवाल्यांच्या डोक्यावर जे ओझं आहे, त्याच्या मुळाशी दोन सायकली आहेत. पगडीवाल्यांना हे कळलं नाही ते बरंच झालं.

सायकलवाल्यांवर सक्ती पहिल्यांदा केली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं, १ जुलै १९९० पासून. हेल्मेटं वाढली आणि सायकलवाले, विशेषतः कॉलेजच्या वयाची मुलं, कमी झाले. २०१०मध्ये मेलबर्नला भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या. वाटेत उचला, वाटेत ठेवा. पण सायकल वाटेत सुचते, हेल्मेट वाटेत कुठून आणायचं? मग कोपऱ्यावरच्या दुकानांत पाच डॉलरला हेल्मेटं ठेवली, सायकलींनाच हेल्मेटं अडकवून ठेवली. दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट कोण घालणार? २०१९ मध्ये ती योजना गुंडाळली. एकट्या हेल्मेटनं ती बुडवली असं नव्हे, पण तरंगायला मदतही केली नाही. कुणी मला मत विचारलं, आणि न विचारता ते द्यायची आमच्या गावात रीत आहे, तर मी म्हणेन की सायकलवाल्यावर सक्ती नको. ज्या शहराला रस्त्यावर सायकली हव्यात त्यानं आधी वाट द्यावी, मग डोक्याकडं यावं.

मी स्वतः घालते. कर्वे रोडला लागायचं असेल, उड्डाणपुलाच्या बाजूला जायचं असेल, पाऊस पडून गेला असेल तर नक्की घालते. गल्लीच्या टोकाच्या वाण्याकडं अर्धा किलो रवा आणायला जाताना घालत नाही. यात तर्क शोधू नये. बंगल्यातल्या काकांचा स्पीडब्रेकर याच गल्लीत आहे.

घालायला लागल्यापासून एक वेगळीच गंमत लक्षात आली. पूर्वी उघड्या डोक्यानं सायकलवर दिसले की ओळखीची माणसं विचारायची, "काय काकू, स्कूटर बिघडली का?" आवाजात सहानुभूती. एकदोघांनी तर मेकॅनिकचा नंबर दिला होता. हेल्मेट घातल्या दिवसापासून तीच माणसं म्हणायला लागली, "वा काकू, फिटनेस!" सायकल तीच, पिशवी तीच, पिशवीतून डोकावणारा मुळाही तोच. हेल्मेटनं माझं डोकं वाचवलं की नाही हे अजून ठरायचंय, पण माझी पत त्यानं पहिल्याच दिवशी वाचवली. ही बाई परवडत नाही म्हणून सायकलवर नाही, हौस म्हणून आहे, घरी गाडी आहे, असं ते थर्माकोलचं मखर चौकाचौकात सांगत सुटतं. रविवारी पहाटे सिंहगडाकडं निघालेली मंडळी बघा. गुडघ्यापर्यंतच्या घट्ट चड्ड्या, रंगीत हेल्मेटं, परतताना मिसळ. त्यांना कुणी स्कूटरबद्दल विचारत नाही.

त्याच पहाटे त्याच रस्त्यानं पेपर टाकणारा पोरगा जात असतो, दूधवाला जातो, रंगकाम करणारा डबा अडकवून जातो, रात्रपाळी संपवून वॉचमन परतत असतात. २०११च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामाला जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलनं जातात असं दिसलं होतं. रोजचा प्रवास खरा त्यांचा. सोसायटीच्या गेटवर मला हेल्मेटवरून भाषण देणाऱ्या एकाही माणसानं पेपरवाल्या पोराला थांबवून, "बाळा, हेल्मेट कुठाय?" असं विचारल्याचं मी ऐकलं नाही. त्याला विचारतात ते एवढंच, आज पेपर उशिरा का?

मीही विचारलं नव्हतंच. पण या वाढदिवसाला भाचीनं तिकडून ऑर्डर करून मला आणखी एक हेल्मेट पाठवलं. लाल, झोकदार, मागं फिरकी असलेलं. फिरवली की डोक्याला घट्ट बसतं. माझ्याकडं एक होतंच आणि अंबाड्याचा प्रश्न यातही तसाच होता. म्हणून मी ते कोरं हेल्मेट आमच्या रात्रीच्या वॉचमनकडं घेऊन गेले. लातूरकडचा माणूस, रोज उत्तमनगरहून सायकलनं येतो.

त्यानं ते दोन्ही हातांत फिरवून पाहिलं, टकटक केलं, किंमत विचारली. मी सांगितली.

"सायकल याच्यापरीस स्वस्तात घेतलीय मी," तो म्हणाला.

"अहो पण डोक्यासाठी आहे."

"ते खरंय ताई. पण हे घालून गेलो तर ठेकेदार म्हणंल, गड्याला पगार जास्त व्हायलाय."

मी थर्माकोल, दीड मीटर, दोन तृतीयांश असं बरंच सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. वॉचमनला सगळ्यांचं ऐकून घ्यायची सवय असते. मग म्हणाला, "मला पडायची भीती न्हाई वाटत. मागून गाड्या येतेत, त्यांना मी दिसत न्हाई. पुलाच्या पुढं लाइटच न्हाईत. त्यापरीस मागं लावायला लाल दिवा मिळतो का बघा, चमकणारा."

दिवा दुसऱ्याच दिवशी आणला. दुकानदारानं दोन दाखवले, सेलवाला आणि चार्जिंगचा. वॉचमनला चार्जिंगचा पसंत पडला, कारण चार्जिंग सोसायटीच्या केबिनमध्ये होतं. सीटखाली न लावता त्यानं तो पाठीवरच्या बॅगेला अडकवला. सायकलला लावला तर स्टँडवरून कुणीतरी काढून नेईल म्हणाला. सेक्रेटरींनी लगेच हरकत घेतली की केबिनची वीज खासगी कामाला वापरता येणार नाही, आणि आता तो विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर आहे. मी भाषणाची तयारी करते आहे.

हेल्मेट अजून आमच्या चपलांच्या कपाटावर पडून आहे. पोराला क्रिकेटला चालेल का असं वॉचमननं विचारलं होतं. लेदर बॉलला ते चालायचं नाही, सायकलीवरच घालायला सांगा, असं मी बजावलं. घरी विचारून सांगतो म्हणाला. काल निरोप आला. शाळेला सायकलनं जाताना पोरगा घालायला तयार आहे, फक्त निळ्या रंगात मिळेल का असं विचारतोय.